अनाथ मेश

मेश, म्हणजे बारीक तुकड्यांत मोडलेला वस्तूचा आकार, इम्पोर्ट झाल्याचा निरोप खाली उमटला आणि पडद्यावर एक करडी वस्तू आली. धातूची चपटी पट्टी, तिच्या पोटातून वळणं घेत जाणारी पाण्याची वाट, आणि दोन बाजूंना बाहेर आलेले नळीचे दोन आखूड बुंधे. आकार हुबेहूब होता. तळाच्या सपाट भागातून उष्णता आत शिरणार होती, म्हणून मी आधी तिथे क्लिक केलं. तर तळ, बाजू, माथा, बुंधे, धातूची सगळीच कातडी एकदम उजळली. नळीच्या एका तोंडावर क्लिक केलं, तर दुसरं तोंडही उजळलं. पाणी जिथून आत येणार आणि जिथून बाहेर पडणार, त्या दोन जागा त्या फाईलच्या लेखी एकच होत्या. बाजूच्या यादीत तीनच ओळी: बाउंडरी १, बाउंडरी २, बाउंडरी ३. तिसरी म्हणजे धातू आणि पाणी एकमेकांना भिडतात ती आतली सीमा.

सिम्युलेशनचं, म्हणजे वस्तूत उष्णता किंवा ताण कसा पसरेल ते संगणकावर काढून बघण्याचं, काम करणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. मूळ सीएडी, म्हणजे डिझाईन करताना संगणकावर काढलेलं मॉडेल, मिळत नाही, हातात येते ती फक्त मेश. आकाराची सगळी मेहनत दुसऱ्या कुणीतरी केलेली असते, आणि तरीही काम सुरूच करता येत नाही, कारण कुठला भाग काय आहे हे त्या फाईलला सांगता येत नाही.

सीएडी मॉडेलला स्वतःबद्दल बरंच ठाऊक असतं. हा भाग सपाट आहे, हा दंडगोल आहे आणि त्याची त्रिज्या इतकी, ही कड म्हणजे या दोन पृष्ठभागांच्या भेटीची रेघ, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. मेशमध्ये यातलं काही उरत नाही. तिच्यात असते बिंदूंची यादी, आणि कुठले चार बिंदू मिळून एक टेट, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा घन तुकडा, होतो त्याची यादी. गोलाई दिसते ती आपल्या डोळ्यांना. फाईलमध्ये फक्त एकमेकांकडे थोडे कलून बसलेले त्रिकोण असतात. अबॅकस नावाच्या सिम्युलेशन पॅकेजमध्ये मूळ भूमितीशी नातं तुटलेल्या अशा मेशला ‘ऑर्फन मेश’ म्हणतात. अनाथ मेश. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी क्षणभर थांबलो होतो. तांत्रिक पुस्तिकेत असा शब्द कुणाला सुचला असेल, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आणि हे सगळं सीमेपाशीच का अडतं? कारण आत काय होणार ते सीमेवर ठरतं. स्थिर अवस्थेतल्या उष्णतेचं उदाहरण घ्या. आत उष्णता निर्माण होत नसेल आणि बाहेरच्या कातडीवर सगळीकडचं तापमान दिलेलं असेल, तर पोटातल्या प्रत्येक बिंदूचं तापमान ठरून गेलं, त्यात दुसरा पर्यायच नाही. उलट, सगळ्या कातडीवर नुसता उष्णतेचा प्रवाह दिला आणि तापमान कुठेच बांधलं नाही, तर उत्तर एकमेव राहत नाही. सगळं तापमान कितीही वरखाली सरकवलं तरी समीकरण समाधानी. आत लाखो टेट असोत, शेवटी त्यांना आपण काठावर काय सांगितलं एवढंच कळतं.

हा काठ सॉफ्टवेअर शोधतं कसा, ते मला फार आवडतं, कारण ते इतकं साधं आहे. प्रत्येक टेटला चार फेस, म्हणजे चार त्रिकोणी बाजू. प्रत्येक फेसचे तीन बिंदू क्रमाने लावायचे आणि मोजायचं की हा त्रिकूट किती वेळा आला. दोनदा आला तर तो फेस दोन टेटच्या मध्ये आहे, म्हणजे आतला. एकदाच आला तर पलीकडे कुणी नाही, म्हणजे तो बाहेरचा. दहा लाख टेटची मेश असेल आणि तिच्या कातडीवर ६०,००० त्रिकोण असतील, तर एकूण फेस होतात २०,३०,०००, त्यातले १९,७०,००० आतले. नुसत्या मोजणीतून वस्तूची अख्खी कातडी सुटून हातात येते. पण ती येते एकसंध. तिच्यातला कुठला तुकडा तळ आणि कुठला बुंधा, हे मोजणीला कळत नाही.

तिथून पुढे कोनाचा आधार घ्यावा लागतो. एका त्रिकोणावर क्लिक करायचं, आणि त्याच्या शेजारच्या त्रिकोणाचा कल ठरावीक अंशांपेक्षा कमी बदलत असेल तर त्यालाही सोबत घ्यायचं, मग त्याच्या शेजाऱ्याला, असं करत पसरत जायचं. जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये हे कुठल्या ना कुठल्या नावाने असतं. अबॅकसमध्ये हा कोन सुरुवातीला २० अंश असतो. प्रवाहाची गणितं करणाऱ्या ओपनफोमला ‘ऑटोपॅच’ नावाची आज्ञा आहे, तिला कोन द्यावा लागतो. रंग कागदावर सांडावा आणि पहिल्या ठळक घडीपाशी थांबावा, तसं ते दिसतं. पहिल्यांदा बघताना जादू वाटते. मात्र ती फक्त शेजाऱ्याशी असलेला कोन बघते. सुरुवातीच्या त्रिकोणापासून आपण किती वळलो, याचा हिशोब ती ठेवत नाही.

आता त्या पट्टीकडे परत येतो. तिच्या तळाच्या दोन लांब कडा ४ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेल्या होत्या. तळापासून उभ्या भिंतीपर्यंतचं ९० अंशांचं वळण मेश करणाऱ्याने सहा पट्ट्यांत बसवलं होतं. म्हणजे पट्टीपट्टीत १५ अंशांचा फरक. मी २० अंश ठेवून तळावर क्लिक केलं आणि रंग गोलाईवरून वर चढत दोन्ही भिंतींवर गेला. साहजिक होतं, १५ हे २० पेक्षा कमी, थांबायला कारणच नव्हतं. बुंध्यांचं काम मात्र २० अंशांत छान झालं. पुढे याच मेशवर ताणाचंही गणित करायचं होतं आणि त्यासाठी बुंध्यांचं गोल अंग धरून ठेवायचं होतं. गोल अंग २४ पट्ट्यांचं होतं, म्हणजे तिथेही पट्टीपट्टीत १५ अंश. ते अख्खं अंग एका क्लिकमध्ये आलं आणि तोंडाच्या काटकोनी कडेपाशी नेमकं थांबलं.

तळासाठी मी कोन १० वर आणला. रंग तळापुरता राहिला. मॉडेल उलटं करून खालून बघितलं, सपाट आयत नीट उजळलेला दिसला. त्याला नाव दिलं, उष्णतेचा प्रवाह दिला, आणि पुढे गेलो.

त्या सपाट आयताचं माप ८० बाय ५० मिलिमीटर, म्हणजे ४००० चौरस मिलिमीटर. एकूण २०० वॉट आत घालायचे होते, म्हणून दर चौरस मीटरला ५०,००० वॉट असा प्रवाह भरला. बाकी कातडी उष्णतारोधक. उत्तर आलं, रंग सुरेख, कुठे खटकण्यासारखं काही नाही. सवयीने ताळा करायला बसलो: पाणी बाहेर किती उष्णता नेतंय? २०८ वॉट. २०० घातले आणि २०८ निघाले.

चार टक्के. वाईट गोष्ट अशी की चार टक्क्यांसाठी कारणं लगेच सापडतात. मेश जरा जाड असेल, समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर उत्तरावर पुरता स्थिरावला नसेल, आउटलेटवरची बेरीज ढोबळ असेल. मी दोन दिवस त्याच कारणांमागे होतो. सॉल्व्हरला चालणाऱ्या चुकीची मर्यादा कडक केली, वेगाच्या समीकरणांची मांडणी बदलून पाहिली. आकडा हलला, पण इतका थोडा की त्यावरूनच कळायला हवं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मी भलतीकडे खणत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी सॉफ्टवेअरला फक्त एक विचारलं: ज्या भागावर मी प्रवाह दिलाय त्याचं क्षेत्रफळ किती? उत्तर ४१६७.

मग मॉडेल आडवं फिरवलं आणि कडेला इतकं जवळ गेलो की एकेक त्रिकोण बोटाएवढा दिसायला लागला. तळाला लागून, गोलाईची पहिली पट्टी उजळलेली होती. दोन्ही बाजूंना. एक मिलिमीटर रुंदीची, ८० मिलिमीटर लांबीची, एकसलग. गोलाईच्या पट्ट्या एकमेकींशी १५ अंशांत होत्या हे खरं, पण पहिली पट्टी तळाशी करते तो कोन त्याच्या निम्मा असतो, साडेसात अंश. वर्तुळाच्या जीवेचा स्पर्शरेषेशी होणारा कोन कंसाच्या कोनाच्या अर्धा, हे शाळेत शिकलेलं. साडेसात १० पेक्षा कमी, म्हणून रंग एक पाऊल गोलाईवर गेला, आणि पुढच्या १५ अंशांपाशी थांबला. खालून बघताना साडेसात अंशांचा कल डोळ्याला कळतही नाही. दोन पट्ट्यांचं मिळून क्षेत्रफळ १६७ चौरस मिलिमीटर. त्याला ५०,००० ने गुणलं की ८ वॉट.

सॉल्व्हर बिचारा पहिल्यापासून बरोबर होता. सांगितलेलं काम त्याने अगदी चोख केलं होतं.

तेव्हापासून मी सिलेक्शन झालं की पहिल्यांदा क्षेत्रफळ विचारतो, आणि ते हाताने काढलेल्या आकड्याशी ताडून बघतो. गोल तोंड असेल तर एक सांभाळावं लागतं: मेशमधलं वर्तुळ हे खरं वर्तुळ नसतं. २४ बाजूंचा बहुभुज वर्तुळाच्या आत बसवला की त्याचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या ९८.९ टक्के भरतं. म्हणजे एक टक्क्याची तूट मेशची, आपली नाही. त्याहून जास्त फरक दिसला तर शोधायला लागायचं. मी अजून एक ताळा करतो, आणि तो मला मनापासून सुंदर वाटतो. प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्याच्या लंबदिशेसह, सदिश म्हणून बेरजेत घ्यायचं. भाग खरंच सपाट असेल तर या बेरजेची लांबी साध्या क्षेत्रफळाएवढीच येते. रंग भिंतीवर सांडला असेल तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींना खोडून काढतात आणि दोन आकड्यांत मोठी फट पडते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या त्या पट्टीला या ताळ्याने पकडलं नसतं. साडेसात अंशांच्या कलाने ४१६७ चे ४१६५.६ झाले असते, आणि एवढ्या फरकाकडे कोण बघतं? तिला नुसतं क्षेत्रफळच पुरेसं होतं.

जास्तीचा त्रिकोण आला तर निदान बेरजेत दिसतो. सुटलेल्या त्रिकोणाची मला जास्त भीती वाटते. फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे अशा तुकड्यातुकड्यांवर समीकरण सोडवण्याच्या, मांडणीत जिथे काहीच सांगितलेलं नाही तिथे समीकरणातलं सीमेवरचं पद शून्य होऊन जातं. उष्णतेच्या गणितात याचा अर्थ तो त्रिकोण उष्णतारोधक. ताणाच्या गणितात त्याचा अर्थ तिथे कसलाही भार नाही. या अटीला ‘नॅचरल’ म्हणतात, नैसर्गिक, आणि गणिताच्या अंगाने नाव अगदी रास्त आहे. पण म्हणूनच सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. आपण विसरलो आणि आपण मुद्दाम काही दिलं नाही, हे दोन्ही त्याला सारखंच दिसतं. या बाबतीत ओपनफोमचा कडकपणा मला पटतो. तिथे कातडीवरचा प्रत्येक फेस कुठल्या ना कुठल्या पॅचमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या तुकड्यात, असतो, ‘बाउंडरी’ फाईलमध्ये प्रत्येक पॅचचं नाव, त्यात किती फेस आणि ते कितव्या फेसपासून सुरू होतात हे लिहिलेलं असतं, आणि एखाद्या पॅचला अट द्यायची राहिली तर सॉल्व्हर सुरूच होत नाही, थांबून त्या पॅचचं नाव सांगतो. नवख्या माणसाला ते जाचक वाटतं. मला सुरुवातीला वाटायचंच. आता वाटतं, असं अडवणारं कुणीतरी हवं.

याच्या उलट गंमत आतल्या सीमेची. दोन भागांच्या मेश वेगवेगळ्या केल्या आणि शेजारी आणून ठेवल्या, की डोळ्यांना त्या चिकटलेल्या दिसतात. पण भेटीच्या जागी बिंदू दुहेरी असतात, प्रत्येक बाजूचे आपापले. मग ती मघाची मोजणी काय करते? तिथला प्रत्येक फेस तिला एकदाच सापडतो, म्हणून दोन्ही बाजू बाहेरच्या ठरतात. वस्तूच्या पोटात एक चीर तयार होते, तिची रुंदी शून्य, आणि तिच्यातून उष्णता पलीकडे जात नाही. बाहेरून कितीही फिरवून बघा, दिसणार नाही. मॉडेल कापून आत बघावं लागतं, किंवा एकूण सीमेचं क्षेत्रफळ अपेक्षेपेक्षा एवढं जास्त का, असं विचारावं लागतं. उपाय सोपा, बिंदू एकत्र करायचे. पण किती अंतरावरचे बिंदू एकच मानायचे हे आपणच ठरवायचं, आणि ते अंतर जरा सैल झालं की पातळ भागातले समोरासमोरचे बिंदूही एकमेकांत विरघळतात.

फाईलच्या जातीवरही बरंच अवलंबून असतं. एसटीएल ही नुसत्या त्रिकोणांची फाईल १९८७ सालची. बायनरी एसटीएलमध्ये दर त्रिकोणामागे ५० बाइट: १२ लंबदिशेचे, ३६ तीन बिंदूंचे, आणि उरलेले २ बाइट जवळपास रिकामेच. शेजारी कोण, एकक कुठलं, नाव काय, यातलं काही नाही. मिलिमीटर की मीटर हेसुद्धा आपण सांगायचं. नास्ट्रन या ताणाच्या गणिताच्या सॉफ्टवेअरची कथा वेगळी. ते १९६० च्या दशकात नासासाठी तयार झालं, आणि त्याच्या फाईलला अजून छिद्रं पाडून मजकूर साठवणाऱ्या जुन्या कार्डाचं वळण आहे: ८० रकाने, ८ अक्षरांचे १० भाग. एका सहनिर्देशकाला आठ अक्षरं, त्यात दशांश चिन्ह आलं, उणे चिन्ह आलं. उणे एक भागिले तीस ही संख्या त्यात मावते ती -.०३३३३३ अशी, पुढचा शून्यसुद्धा गाळून. आज आपण ‘या प्रतलावरचे सगळे फेस निवड’ म्हणतो आणि थोडेच फेस उजळतात, त्यामागे कधीकधी हे कार्ड असतं. बिंदू प्रतलावर असायला हवा होता, पण साठवताना सहाव्या अंकाशी तो जरासा सरकला.

म्हणून प्रतलाऐवजी मी पातळ पेटी वापरतो. तिच्या जाडीला सर्वात लहान कडेच्या साधारण दहाव्या भागाएवढी ढील देतो. पेटीने निवडताना अजून एक प्रश्न असतो, त्रिकोणाचे सगळे बिंदू आत हवेत की एखादा पुरे? एखादा पुरे म्हटलं की तोंडाला लागून असलेल्या भिंतीचे त्रिकोणही सोबत येतात, कारण त्यांची एक कड त्याच काठावर असते. सगळे बिंदू आत, हेच बहुतेक वेळा हवं असतं. पेटीचा मोठा गुण वेगळाच आहे: ती जागेवरून ओळखते, क्रमांकावरून नाही. मेश बदलून पुन्हा आली की फेस क्रमांक १७ चा २३ होतो, आणि हाताने केलेलं सगळं सिलेक्शन निमूटपणे भलत्याच जागी जाऊन बसतं. पेटी जिथे होती तिथेच राहते आणि तिच्यात जे येईल त्याला धरते.

तरी काही जागा अशा उरतात जिथे कोनही चालत नाही आणि पेटीही. वाकड्यातिकड्या कडेवरचे, स्कॅनवरून केलेल्या मेशमधले. तिथे एकेक त्रिकोण हातानेच घ्यावा लागतो. मला त्या कामाचा कंटाळा येत नाही. दोन तास त्या कडेशी घालवले की वस्तूची अशी ओळख होते जी नुसत्या चित्रावरून कधी झाली नसती. मेश करणाऱ्याने कुठे काळजी घेतली आणि कुठे घाई केली तेही कळतं.

पण हे सगळं टाळता येतं, आणि ते सांगताना मला थोडा आग्रह होतो. मेश करताना ज्या माणसाच्या समोर सीएडी असतं, त्याला प्रत्येक भाग कुठला ते ठाऊक असतं. त्याने तेव्हाच नावं दिली तर पाच मिनिटांचं काम. मेश करणाऱ्या जीमेशमध्ये फिजिकल ग्रुप, म्हणजे नाव दिलेले गट, आहेत, अबॅकसमध्ये सेट आणि सरफेस, नास्ट्रनमध्ये निदान प्रॉपर्टीचे क्रमांक वेगळे ठेवता येतात. जीमेश तर नावांच्या बाबतीत भारी काटेकोर: एकदा का एखादा फिजिकल ग्रुप केला, की फाईलमध्ये ग्रुपमध्ये असलेलेच घटक जातात. कुणी फक्त इनलेट आणि आउटलेटला नाव दिलं आणि आकारमानाला द्यायचं विसरलं, तर पलीकडे दोन चकत्या पोचतात, मधली अख्खी वस्तू गायब. तेवढं सांभाळलं की पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतात. नाव देताना ‘फेस_डावा’ असं देऊ नये. मॉडेल फिरवलं की डावा उजवा होतो. तो भाग काय काम करतो ते लिहावं.

गेल्या महिन्यात अशीच एक मेश आली. दोन तोंडांची, दोन्ही अगदी सारखी, पाठपोट ओळखू न येणारी. कोनाने निवडली, क्षेत्रफळं ताडून बघितली, दोन्ही बरोबर. फक्त पाणी कुठल्या तोंडातून आत येतं ते कळायला मार्ग नव्हता. मेश पाठवणाऱ्या मॅडमना फोन लावला.

“खालच्या तोंडातून,” त्या म्हणाल्या.

“अहो, दोन्ही तोंडं एकाच उंचीवर आहेत.”

“असं? थांबा हं, मी उघडूनच बघते.”

पलीकडे माऊसचा आवाज येत राहिला. मॉडेल फिरवत असाव्यात. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

“माझ्याकडेही सगळं करडंच दिसतंय,” त्या म्हणाल्या. “ज्यांनी डिझाईन केलं त्यांना विचारते आणि सांगते तुम्हाला.”